ज्युबिलीचा पिकप

अमृतला वस्तू तपासायची खोडच होती. सुप्याच्या एमआयडीसीत त्याचं पोट तिच्यावरच चालायचं म्हणा. लाइनवरून आलेला भाग हातात घ्यायचा, उलटासुलटा करायचा, मोजायचा आणि एकतर 'पास' म्हणायचं नाहीतर 'रिजेक्ट'. घरी आला तरी भाकरीसुद्धा मागून-पुढून बघूनच ताटात घ्यायचा, असं त्याची बायको सुरेखा सांगायची. तिनं यात मीठमसाला लावला असेल असं मला तरी वाटत नाही.

ही खोड आणखी एका ठिकाणी कामाला यायची. अमृतला जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा नाद होता. वाजवण्यात तो बेताचाच, पण गिटार खोलून आतली वायर कुठल्या काळातली, रंग मूळचा की नंतर मारलेला, खुंट्या कुणी बदलल्यात का, हे तो असं सांगायचा की ऐकणाऱ्यानं कान पकडावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर अशाच नादिष्टांचा एक ग्रुप होता. तिथं अमृतचा शब्द म्हणजे शेवटचा.

आणि या सगळ्या ग्रुपचा जीव अडकला होता एका गिटारीत. रोझारिओ ज्युबिली. मुंबईतल्या एका छोट्या कारखान्यात पूर्वी ती बनायची. बाहेरची गिटार आणणं आपल्या माणसाच्या ऐपतीबाहेर होतं त्या काळात ऑर्केस्ट्रावाल्यांनी हीच वाजवली. मग मालक गेला, पोरं परदेशात गेली, कारखान्याला कुलूप लागलं आणि ज्युबिली संपली. उरल्यासुरल्या कुठं माळ्यावर कुजल्या, कुठं चुलीत गेल्या. ग्रुपात सगळे तिच्याबद्दल बोलायचे, पण पुरी, सगळ्या मूळ भागांसकट, कुणाकडंच नव्हती.

गणपतीत अमृत मोबाईलवर रिली बघत पडला होता. पाथर्डीकडच्या भागवत बँजो पार्टीची एक रील पुढं आली. टेम्पोवर भोंगे, खाली नाचणारी पोरं, आणि मधे बँजोवाला. बँजो म्हणजे आपला वरातीतला, टाइपरायटरसारखी बटणं असलेला. अमृत ती रील सरकवणारच होता, तोच त्याचा अंगठा थबकला. बँजोच्या तारांखाली एक पिकप होता. तारेचा थरथराट पकडून भोंग्याला पाठवतो तो हा लोहचुंबक. तो नसेल तर इलेक्ट्रिक गिटार म्हणजे नुसती फळी. आणि त्या पिकपच्या चकचकीत टोपणावर उठावाचं गुलाबाचं फूल होतं. ज्युबिलीचं फूल!

अमृत ताडकन उठून बसला. पिकप इथं आहे म्हणजे गिटारही जवळपास कुठंतरी असणार, नाही का? त्यानं भागवतचा नंबर काढला, गोड बोलला, आणि बँजोवाल्याचं नाव-गाव मिळवलं. नाव अजिनाथ. बाप छगन पूर्वी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा, ऑर्केस्ट्रा बुडाल्यावर त्यानं गिटारीतला पिकप काढून बँजोला बसवला आणि वराती धरल्या. आमच्याकडं हे असंच चालतं. ज्या वाद्यावर पोट, त्याला जीव द्यायचा. दुसरं वाद्य पडून राहतं, पण कुणी टाकून देत नाही. छगन वारला तेव्हा बँजो पोराकडं आला आणि गिटार पेटीत राहिली.

अमृत गेला तो नेमका खंडेनवमीला. पाथर्डीच्या पुढं मोहटादेवीच्या यात्रेची ही गर्दी! त्यातून गाडी काढत तो धामणवाडीला पोचला. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. दारातच अजिनाथची आई बायडाबाई उभी होती.

"या दादा, या. सणाचं आलात, बरं झालं. आधी जेवा, मंग काय ती गिटार बघा."

आत भिंतीशी पूजा मांडली होती. खंडेनवमीला माणूस ज्यावर पोट भरतो ते हत्यार पूजेला बसवतात. त्या वाडीत घरोघर आज कोयते बसले होते, कारण दिवाळी झाली की वाडीच्या वाडी ऊस तोडायला निघते. या घरात मात्र चौरंगावर एकटा बँजो होता. हळदकुंकू वाहिलेला, झेंडूची माळ घातलेला.

"अवंदा पैल्यांदाच कोयता न्हाई बसवला," बायडाबाई ताट वाढता वाढता म्हणाली. तिच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "भागवतशेटनं अजिनाथला सगळ्या लगनसराईला सांगितलंय. हे लगीन झालं की ते लगीन. आता तोडीला जायाचं न्हाई कुनी. ना मी, ना सविता. लई वर्सं झाली दादा, पाचटात जल्म गेला. कोयते टाकले माळ्यावर!"

अजिनाथची बायको सविता चुलीपाशी होती. तीही पदर तोंडाला लावून हसली. अमृत म्हणाला, "छान झालं मावशी," आणि त्याचा डोळा पेटीकडं गेला.

पेटी उघडली. आहाहा! मोरपंखी रंग, कडेला जरा उडालेला, पण मूळचाच. मान सरळ. खुंट्या सगळ्या जागच्या जागी. कोयरीसारखं डोकं, त्यावर रोझारिओची पितळी पट्टी. अमृतनं बॅटरी मारून आतली वायर बघितली, स्क्रू बघितले, बटणं काढून बघितली. एकेक गोष्ट पास होत गेली तसा त्याचा श्वास वाढत गेला. शेवटी तो मधल्या चौकोनापाशी आला. तिथं भोक होतं. पिकपची जागा रिकामी.

गिटारीची किंमत त्यानं रास्त दिली. कुणी नाव ठेवणार नाही अशी. त्यात त्याची खोट नव्हती, आणि पुढं कित्येक दिवस तो एवढंच स्वतःला बजावत राहिला. पण पिकपशिवाय ज्युबिली म्हणजे काय? बिनजिवाचं मढं. त्याची नजर पूजेतल्या बँजोवर गेली.

"अजिनाथ, तो बँजो जरा बघू का? त्याच्या पिकपच्या बदल्यात मी नवा देतो तुला. बाहेरचा आहे. भारी आहे."

 मायलेकरांनी एकमेकांकडं बघितलं. बायडाबाई म्हणाली, "दादा, त्यो पूजेत बसलाय. पूजेतलं हत्यार उठवत न्हाईत आज. उद्या शिलंगणाला उठंल, मंग बघा की."

"उद्या कंपनीत पूजा असते मावशी, मला यायला नाही जमणार."

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं, की उद्यापर्यंत यांचा विचार फिरला तर? शेजारपाजारचा कुणी शहाणा येऊन म्हणाला, बापाची खूण कशाला देता, तर? अमृतला थांबवत नव्हतं. ज्या माणसानं आयुष्यात कधी घाईत भाग पास केला नाही, त्याला त्या दिवशी अशी घाई झाली होती की विचारू नका.

बायडाबाईनं पूजेला हात जोडले. मग देवीचं नाव घेऊन पुढं झाली. "पावना घरी आलाय, जेवायला बसलाय, त्याला न्हाई कसं म्हनावं? मीच उठविते माझ्या हातानं. काय झालंच तर माझ्यावर." तिनं माळ काढली, नारळ बाजूला ठेवला आणि बँजो उचलून अमृतच्या पुढ्यात ठेवला.

काम अमृतच्या हातचंच होतं. वायरींना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री, पक्कड, सगळं बॅगेत. जुना पिकप सुटला, नवा बसला. अजिनाथनं छोटा अँप लावला, गजर वाजवायला घेतला, आणि पहिल्या ओळीतच त्याच्या कपाळाला आठी पडली. आवाज आला, पण मुख्य तार बारीक. भोवतीच्या तारा भणभणतायत आणि गाणं कुठंतरी खाली दबलेलं.

"साहेब, ही मधली तार दबती का वं?"

अमृतला त्याच क्षणी कळलं. अहो, त्याला नाही कळणार तर कुणाला! जुन्या पिकपात चुंबकाची एकच लांब पट्टी होती, तार कुठूनही जावो, ती पकडायची. नव्यात चुंबकाची सहा सुटी बटणं, गिटारीच्या सहा तारांच्या अंतरानं बसवलेली. बँजोच्या तारा दाटीनं असतात. गाण्याची तार नेमकी दोन बटणांच्या फटीतून जात होती. पट्टीवाला नवा पिकप मिळाला असता, मागवायला आठ-पंधरा दिवस लागले असते, बस. कंपनीत असा भाग हातात आला असता तर त्यानं न बोलता लाल खूण केली असती.

आणि तो काय म्हणाला? तो म्हणाला, "नवा पिकप आहे रे. तुझ्या हाताला जुन्याची सवय झालीय. सराव कर. हात बसेल."

काय जीभ म्हणावी का काय ही! पण बोलून गेला. आणि अजिनाथनं मान डोलावली, कारण साहेब मोठा जाणकार, भागवतशेटनंच तसं सांगितलं होतं. सवितानं चहा ठेवला. बायडाबाईनं गाडीपर्यंत येऊन पिशवीत बाजरी घातली. अमृत ज्युबिली घेऊन निघाला तेव्हा इतका खूश होता की करंजीच्या घाटात त्यानं गाडीत एकट्यानं शिट्टी वाजवली.

त्या रात्रीच ग्रुपात फोटो पडले. नुसता धुरळा! "अमृतराव, कमाल केलीत." "पुरी ज्युबिली, मूळ पिकपसकट!" पुण्याचा एकजण तर बघायला घरी येऊन गेला. अमृत आठवडाभर जमिनीवर नव्हता.

दसरा होऊन गेल्यावर अजिनाथचा फोन आला. "साहेब, सराव चालूहे. पन ती तार काय वर येईना. हात कसा ठिवू?"

 इथं एक वाक्य बोलायचं होतं. 'अजिनाथ, पिकप चुकीचाय, मी दुसरा मागवतो.' एवढंच. पण एवढं बोलायचं तर तेव्हा का नाही बोललो, हेही आलं. तो म्हणाला, "मनगट सैल सोड. फार दाबतोयस तू."

"व्हय साहेब. सैल सोडून बघतो."

पुन्हा एकदा फोन आला, पुन्हा तेच. "साहेब, भागवतशेट चिडलाय." "अरे होईल. मनगटाकडं लक्ष दे." तिसऱ्यांदा नंबर दिसला तेव्हा अमृतनं फोन उचलला नाही. मग फोन यायचे थांबले, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. असं बरं वाटलेलं लई वाईट असतं, पण ते त्या माणसाला त्या वेळी कळत नाही.

तुळशीची लग्नं झाली, माणसांची सुरू झाली. एका दुपारी डबा खाताना भागवत बँजो पार्टीची नवी रील पुढं आली. तोच टेम्पो, तेच भोंगे. बँजोवाला दुसराच होता, बँजोही दुसरा. अमृतनं ती रील पुन्हा पुन्हा बघितली. मग डबा तसाच झाकून बाहेर आला आणि अजिनाथला फोन लावला. सवितानं उचलला.

"ते फडात हायेत. आमी तोडीला आलोय की, दिवाळी झाल्यावर. बेलापूरला, कॅनॉलच्या कडंला कोप्या हायेत आमच्या."

"तोडीला? आणि बँजो?"

"ह्यांचा हात गेला ना," सविता म्हणाली. अगदी सरळ. जसं कुणी सांगावं, गाय आटली. "भागवतशेटनं दुसरा मानूस ठिवला. मंग मुकादमाच्या हातापाया पडून टोळीत नावं घातली."

त्या दिवशी अमृतनं लाइनवरचे भाग बघितले की नाही देव जाणे. बेलापूर त्याचंच गाव, थोरल्या भावाचा ऊसही तिथंच. लहानपणापासून त्यानं कोप्या बघितल्या होत्या. उसाच्या वाळल्या पाचटाच्या झोपड्या, बसकं दार, आत वाकून जायचं. थंडीत तिथं काय होतं तेही त्याला माहीत होतं. 'सराव कर, हात बसेल' म्हणायला त्याला एक श्वास लागला होता, आणि त्या श्वासानं तीन माणसं घरातून उठून कोपीत जाऊन पडली होती. सुरेखानं विचारलं, "बरं नाही का तुम्हाला?" तर तिच्याकडं बघवेना. बायकोलासुद्धा सांगायची लाज वाटावी, असं त्यानं आजवर काही केलं नव्हतं.

रविवारी सकाळी त्यानं ज्युबिली खोलली, पिकप काढला, बॅटरीवर चालणारा छोटा अँप आणि हत्यारांची बॅग गाडीत टाकली आणि बेलापूर गाठलं.

कॅनॉलच्या कडेला कोप्या दिसल्या तशी बायडाबाईही दिसली. वाढ्यांची, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांची, मोळी डोक्यावर घेऊन फडातून येत होती. अमृतची नजर आधी तिच्या पायांवर गेली. उसाच्या फडात अनवाणी कुणी फिरत नाही. तोडलेल्या उसाचे खुंट सुरीसारखे असतात, गरिबातला गरीब माणूसही पायात काहीतरी अडकवतोच. बायडाबाईच्या पायात काही नव्हतं. चिंध्या गुंडाळलेल्या होत्या आणि त्या लाल-काळ्या झाल्या होत्या.

"अगं बया, दादा! इकडं कुठं वाट चुकलात?" तिनं मोळी टाकली. तोंडभर हसली. "सविता, चा ठेव गं. गिटारवाले दादा आल्यात."

"मावशी, पायाला काय झालं?"

"काय न्हाई वं." ती खाली बसली आणि पाय लुगड्याखाली घेतले.

सवितानं चुलीजवळूनच सांगितलं. "चप्पल सोडलीय त्यांनी. पूजेतनं बँजो उठवला म्हनून देवी कोपली, म्हनून ह्यांचा हात गेला, असं त्यांच्या मनानं घेतलंय. हात माघारी येईस्तवर चप्पल घालनार न्हाई, असं बोलल्यात मोहटादेवीला. किती सांगितलं, ऐकत न्हाईत."

"मीच उठवला ना," बायडाबाई म्हणाली. "पोरानं न्हाई उठवला. मंग भोगायचं कुनी?"

अमृतला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.  तेवढ्यात अजिनाथ आला. बारीक झाला होता. हातांना उसाच्या पात्याचे कापे, नखं काळी. अमृतला बघून तोच ओशाळला. म्हणजे बघा, कुणी ओशाळायचं आणि कोण ओशाळला!

"साहेब, तुमी फोनवर लई समजावलं. पन न्हाई जमलं मला. मनगट सैल पडावं म्हनून आई रोज तेल चोळायची. पन दिवाळीच्या तोंडावर एका मिरवणुकीत वाजवाया बसलो आन पोरं नाचायची थांबली. भोंग्यातनं नुस्ती भणभण. भागवतशेट सगळ्यांदेखत म्हनला, छगनचा हात हुता, तुझा न्हाई."

हे ऐकूनही माणसानं गप्प बसावं? पण बसला. म्हणाला काय, तर, "मी जुना पिकप आणलाय. लावून बघू." मनाशी म्हणाला, आधी दुरुस्त करू, मग सांगू. पळवाट काढणाऱ्या माणसाला 'मग' हा शब्द फार आवडतो.

बँजो कोपीत गोधडीत गुंडाळलेला होता. घरी उंदीर लागतील म्हणून बायडाबाईनं तो सोबत आणला होता. अमृतनं गाडीच्या बॅटरीवर इस्त्री तापवली, मातीतच मांडी घालून बसला आणि काम करू लागला. एकदा बोटाला चटकाही बसला. अखेर गुलाबाचं फूल परत तारांखाली बसलं. अँप चालू झाला. अजिनाथनं कापलेली बोटं फुंकून घेतली, बँजो मांडीवर ओढला आणि भीतभीत पहिली ओळ काढली.

आवाज असा उठला की कॅनॉलपलीकडचे बगळे उडाले. गोल, भरदार, गाण्याची तार सगळ्यांच्या वर. अजिनाथ थांबला, डोळे मोठे करून स्वतःच्या हाताकडं बघायला लागला. मग पुन्हा वाजवलं. आणि मग काय, थांबेचना! कोप्यांतून माणसं बाहेर आली. एक म्हातारा फडातून कोयता घेऊन तसाच पळत आला. "आरं, हा तर छगनचा बँजो!" बायाबापड्या टाळ्या वाजवायला लागल्या. सविता चुलीवरचा चहा उतू चालला तरी बघत उभी.

"आला! आई, हात आला माझा!" अजिनाथ ओरडला.

बायडाबाई रडायला लागली. रडत रडत उठली, चिंध्यांच्या पायांनी लंगडत अमृतपाशी आली. "देवीनंच धाडलं दादा तुमाला. तुमी देवमानूस हाव." आणि ती, आईच्या वयाची बाई, त्याच्या पाया पडायला वाकली.

अमृत किंचाळलाच. "नका, मावशी, नका! मी खोटं बोललो."

बायडाबाई वाकता वाकता थांबली.

"हात गेला नव्हता. कधीच नव्हता गेला. मी दिलेला पिकपच बँजोचा नव्हता. मला तिथंच कळलं होतं, तुमच्या घरात, पहिली तार वाजली तेव्हाच. देवीचा कोप नाही नि काही नाही. मला गिटार पुरी करायची होती म्हणून मी बोललो नाही."

अजिनाथनं बँजो हळूच खाली ठेवला. "तेवाच कळलं हुतं?"

"हो."

"आन ते मनगट सैल सोडायचं?"

"उगाच सांगितलं."

"तेल चोळलं वं आईनं. रोज," अजिनाथ म्हणाला.  मग म्हणाला, "ती गिटार कुटं हाय?"

"घरी."

"कोन वाजवतं?"

अमृतची मान खाली गेली. "कुणी नाही. भिंतीला लावलीय."

जमलेल्यांत कुणी हसलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. दिली असती तर अमृतला सोसली असती. तो म्हणाला, "मी आत्ता भागवतशेटला फोन करतो, सगळं सांगतो," आणि खरंच सगळ्यांदेखत, आवाज मोठा करून, फोन लावला. सांगितलं, जसं होतं तसं, काही न वगळता. भागवत ऐकत राहिला. मग म्हणाला, "साहेब, हे तवाच सांगायचं ना! आता मी त्या दुसऱ्याला शब्द दिलाय हंगामभराचा. आन अजिनाथची टोळीतली उचल? मुकादम सोडील व्हय त्याला पट्टा पडायच्या आधी?" मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली की हंगाम संपून कारखाना बंद होईपर्यंत इथून हलता येत नाही, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अमृतलाही होतं.

माणसं हळूहळू पांगली. फड अर्धा उभा होता, ट्रॅक्टर यायची वेळ झाली होती.

सविता कोपीत गेली आणि सासूच्या चपला घेऊन बाहेर आली. त्या तिच्यापुढं ठेवून म्हणाली, "घाला आत्याबाई. देवी काय कोपलेली न्हवती. तुमचं काय चुकलंच न्हवतं."

बायडाबाईनं चिंध्या सोडल्या. तळव्याला चिरा पडलेल्या, एका जखमेत पाचटाची काडी अडकलेली. तिनं उजवा पाय चपलेत घातला, पण पाय एवढा सुजला होता की पट्ट्यातून आत जाईना. तिनं पुन्हा जोर लावला आणि ओठ चावला.

अमृत पुढं झाला, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि पट्टा सैल करायला त्यानं हात पुढं केला.

तिनं पाय मागं ओढून घेतला.

"नगं दादा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी हात नगा लावू."

मग तिनं चिंध्या परत पायांना गुंडाळल्या, गाठी मारल्या, कोयता उचलला आणि सुनेच्या खांद्याला धरून ती फडाकडं चालू लागली. अजिनाथ त्यांच्या मागं गेला. अमृत बराच वेळ तिथंच मातीत गुडघ्यांवर बसून होता, आणि उठ म्हणायलाही त्याला कुणी आलं नाही.